वरच्या मजल्यावर चहा बंद

आक्कांनी उशीवरचा हात जरासा उचलला आणि वहिनीने तसराळं पुढे धरलं. आता दोघींना तेवढं पुरत होतं. आधी आक्कांचे ओठ पांढरे पडत, मग हिरवट पाणी भडभडा बाहेर येई. काही खाल्लेलं नसताना एवढं येतं तरी कुठून, असं वाटण्याइतकं. वहिनीने एक हात त्यांच्या कपाळाला आधाराला लावला आणि दुसऱ्याने तसराळं तोलून धरलं. संपल्यावर चूळ भरायला गार पाणी दिलं, हनुवटी पुसली.

"पोट हलकं झालं," आक्का म्हणाल्या. "पण घशाशी ते आहेच."

"मळमळ?"

"बोटीत बसल्यासारखं. चोवीस तास बोट चाललीय आणि उतरायचा धक्का काही येत नाही." त्यांनी डोळे मिटले. "आणि काल रात्रीपासून ही कळ नवीन. कुणीतरी ओलं धुणं पिळावं तशी."

"आज डॉक्टर येणारेत. त्यांना सांगू."

"सांग बाई. मला बोलायचा कंटाळा आलाय."

तसराळ्यावर फडकं टाकून वहिनी मोरीकडे निघाली. जाताना तिने सवयीने खिडकी पाहिली. अंगणाकडची ही खिडकी बंद होती आणि फटीत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबलेल्या होत्या. खाली अंगणापलीकडे गोदाम होतं. तिथे पेट्या फुटत, चहा चाळला जाई, मिसळला जाई, पुड्यांत भरला जाई. त्या वासावर हे घर तीन पिढ्या जगलं होतं. सासरे, म्हणजे आक्कांचे वडील, गेल्यावर कुठल्या मळ्याचा माल घ्यायचा आणि कशात किती मिसळायचा, हे आक्काच ठरवत. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. बाजारात लोक त्यांना 'मोठी जीभ' म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

हॉस्पिटलातून घरी आणल्यानंतर एका दुपारी वहिनी नेहमीसारखी चहा घेऊन आत आली, तेव्हा आक्कांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. "तो वास बाहेर ने," त्या म्हणाल्या. आणि कप बाहेर गेल्यावर, "दादाला सांगू नकोस."

वहिनीने नवऱ्याला सांगितलं नाही. वर वर्दळ नको, आक्कांना झोप लागत नाही, चहा खालीच प्या, असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं. कुणी काही विचारलं नाही. चहावाल्यांच्या घरात वरच्या मजल्यावर कितीतरी दिवस आधण चढलं नव्हतं आणि हे घराच्या मालकाच्या लक्षातही आलं नव्हतं.

*

खाली चाखायच्या खोलीत लांब टेबलावर पांढरे कप ओळीने मांडले होते. नव्या हंगामाचे नमुने आले होते. दादांची मुलगी एकेका कपातून चमचाभर चहा घ्यायची, आवाज करत तोंडात ओढायची, क्षणभर थांबायची आणि पायाशी ठेवलेल्या उंच पिकदाणीत थुंकायची. तिशीतली बाई, सात वर्षं आत्याच्या शेजारी उभी राहून शिकलेली. तरी अजून घरात तिच्या मताला 'आक्काला दाखवू' याच्यापुढे उत्तर मिळालेलं नव्हतं.

धाकटी स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होती. आक्का आणि दादांची ही धाकटी बहीण काल संध्याकाळी तिच्या शहरातून आली होती. धाकटीला चहातलं काही कळत नाही, हे तिच्या लहानपणीच ठरून गेलं होतं, म्हणून ती औषधांकडे वळली. आता तिचं स्वतःचं औषधांचं दुकान होतं आणि चांगलं चालत होतं. या घरात आल्यावर पहिल्यांदाच आपला काही उपयोग आहे, असं तिला कालपासून वाटत होतं.

"आक्काला न्यायला गाडी उद्या सकाळी येईल," दादा म्हणाले. "सर्जनशी बोललोय मी. परवा ऑपरेशन."

"मी बरोबर राहीन," धाकटी म्हणाली. "रात्रीही राहीन. वहिनी दमलीय."

"बघ, तुला कळतं. तुझ्या वहिनीला विचारलं तर म्हणते, थांबा. कशासाठी थांबायचं? माणूस उपाशी मरतंय डोळ्यांदेखत."

"आत्याला विचारलंत का?" मुलीने कप खाली ठेवत विचारलं.

"तिला काय विचारायचं? तिला धड बोलवतं का?" दादा चिडले नव्हते, घाईत होते. "आतड्याला अडथळा आहे. अडथळा काढायचा. नळ तुंबला तर आपण प्लंबरला बोलावतो की नळाला विचारत बसतो?"

"आत्या नळ नाहीये, बाबा."

"तू तुझे कप बघ."

मुलीने पुढचा कप उचलला. धाकटी मध्ये पडली. "तोवर माझ्या गोळीने जरा सरकेल. पोटाला पुढे ढकलणारी गोळी आहे, उलटीवर आम्ही रोज देतो. काल रात्री एक दिली, पहाटे एक, आत्ता आणखी एक देते."

"डॉक्टरांना विचारून?"

"अगं, साधी गोळी आहे. दुकानात रोज शंभर जातात."

दादांनी टेबलावरच्या कपांकडे पाहिलं. "महिनाभरात ती इथे उभी राहील," ते म्हणाले. "हे नमुने तोवर हवाबंद करून ठेव. आक्काशिवाय मी एक पेटी घेणार नाही."

*

डॉक्टर साडेदहाच्या सुमाराला स्कूटरवरून आल्या. मोठ्या आजारातल्या माणसांना घरी येऊन बघणाऱ्या. चाळिशीच्या, बुटक्या, खांद्याला जड पिशवी. चपला बाहेर काढून त्या थेट पलंगाच्या कडेला बसल्या. दादा दाराशी, धाकटी पायाशी, मुलगी खिडकीपाशी. वहिनी नेहमीच्या जागी उशाशी उभी होती.

"अगं, डॉक्टरांना चहा टाक," दादा म्हणाले.

वहिनी हलली नाही. "पाणी देते," ती म्हणाली.

"पाणी काय? आपल्या घरी येऊन माणूस पाणी पिणार?"

"पाणीच द्या," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचं लक्ष आक्कांच्या हातावर होतं. नाडी झाली, जीभ झाली, पोट झालं. स्टेथोस्कोप पोटावर बराच वेळ एका जागी राहिला, मग दुसऱ्या. "आक्का, मला दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगा. उलटी झाली की बरं वाटतं का?"

"पोटाला वाटतं."

"आणि मळमळ? ती जाते?"

"ती कुठे जात नाही. ती माझ्याबरोबरच राहते. भाडंसुद्धा देत नाही."

डॉक्टर हसल्या. "म्हणजे ही दोन दुखणी आहेत, एक नाही. आतडं अडलंय, पोटात रोज लिटर-दोन लिटर रस तयार होतात, त्यांना खाली वाट नाही म्हणून ते वर येतात. ती उलटी. आणि मळमळ वाटते पोटात, पण तिचं बटण डोक्यात असतं. आजाराने रक्तात जे बदल होतात त्याने ते दाबलेलं राहतं. पोट रिकामं झालं तरी ते सुटत नाही. दोन्हींना औषध वेगळं." मग त्यांनी विचारलं, "कळ कधीपासून?"

"काल रात्रीपासून," वहिनी म्हणाली.

"रात्री नवीन काही दिलं?"

मग धाकटीने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून पुढे केली. डॉक्टरांनी नाव वाचलं.

"किती दिल्या?"

"तीन. मी... माझं औषधांचं दुकान आहे."

"बरं झालं सांगितलंत. ही बंद करूया." त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "एरवी चांगली गोळी आहे. पण ही आतड्याला पुढे ढकलते, आणि इथे पुढचं दार बंद आहे. बंद दारावर धक्के बसतायत, म्हणून कळ. दोन गोळ्या उलटीतच पडल्या असतील, त्यामुळे थोडक्यात निभावलं. कळ संध्याकाळपर्यंत उतरेल."

धाकटीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. काऊंटरवर उभं राहून रोज शंभर लोकांना ती सांगत असे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. तिने पट्टी पुन्हा पर्समध्ये टाकली. मग परत काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"रात्रभर पिळत होतं, ते तुझं होतं होय?" आक्का डोळे न उघडता म्हणाल्या. "मला वाटलं देवाचं आहे."

"आक्का, माझं चुकलं गं."

"लहानपणी माझ्या बाहुलीलाही औषध पाजायचीस. ती तेव्हाच गेली."

वहिनीला हसू फुटलं आणि तिने पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी मात्र प्रश्न सोडले नव्हते. "कशाने मळमळ वाढते? हालचाल? वास?"

वहिनीने आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी पापण्या किंचित हलवल्या. तेवढ्यावरून वहिनीला कळलं की आता सांगायचं.

"चहाच्या वासाने," ती म्हणाली.

दादांना आधी नीट ऐकू आलं नाही. मग ते खिडकीकडे गेले आणि फटीतल्या कागदाच्या घड्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. "हे थंडीसाठी आहे म्हणाली होतीस," ते वहिनीला म्हणाले.

"हो."

"वर चहा करत नाही, तो झोपमोड होते म्हणून."

"हो. तसंच सांगितलं होतं मी."

"माझ्याशी खोटं बोललीस?"

"मी सांगितलं तिला," आक्का म्हणाल्या. "तू कोसळशील म्हणून. बघ आरशात, कोसळलायस."

दादा खुर्चीत बसले. आपल्याला राग आला आहे असं त्यांना वाटत होतं, पण तो राग नव्हता. ते चार वर्षांचे असताना आक्काने त्यांच्या तोंडात पहिला चमचा घातला होता आणि विचारलं होतं, काय लागलं? त्यांना काही सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून आयुष्यभर ते तिला विचारत आले होते, काय लागलं? पुढचं सगळं त्या उत्तरावर उभं होतं: गोदाम, कामगार, बाजारातला शब्द. आणि तिला आता त्या वासाने ढवळून येत होतं.

"ऑपरेशनने हे सगळं थांबेल ना?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. "उद्या गाडी येतेय."

"सर्जनशी मी काल बोलले. आतडं एका जागी अडलं असतं तर मीच म्हटलं असतं, चला. पण पोटातल्या गाठींमुळे ते बऱ्याच ठिकाणी चिकटलंय. एक जागा सोडवली तर पुढची अडेल. ऑपरेशन होऊ शकतं. त्यानंतर आक्का घरी परत येतील का, हे ना ते खात्रीने सांगतायत, ना मी."

"आणि नाही केलं तर?"

"आजार चालू राहील. तो मला थांबवता येणार नाही. मळमळ बरीचशी थांबवता येईल, कळ थांबवता येईल, उलट्या कमी करता येतील. दिवसाला एखादी राहील."

"म्हणजे काहीच करायचं नाही."

"काहीच नाही कसं? आज दुपारी तीन औषधं सुरू होतायत. एक रस आटवणारं, एक त्या डोक्यातल्या बटणासाठी, एक आतड्याची सूज उतरवणारं. तोंडाने राहत नाही, म्हणून दंडाच्या कातडीखाली बारीक सुई आणि तिला हा छोटा पंप. बोचत राहत नाही." त्यांनी पिशवीतून तळहाताएवढा डबा काढून पलंगावर ठेवला. मग त्या पुन्हा आक्कांकडे वळल्या. "पण आपण सगळे तुमच्या डोक्यावरून बोलतोय. तुम्हाला काय हवंय?"

आक्कांनी डोळे उघडले. बोलायला त्यांना वेळ लागला आणि कुणी मध्ये तोंड घातलं नाही.

"उलटीचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "जन्मभर तोंडात घेतलं आणि थुंकलं. आता थोडं उशिरा थुंकते, एवढंच. ती बोट थांबव. आणि मला झोपवून ठेवू नकोस."

"पहिले दोन दिवस पेंग येईल. थोड्या डोसने सुरू करते, हळूहळू वाढवू. गुंगी फार वाटली तर मला सांगायचं, मी बदलेन. पण कधी अशी वेळ येऊ शकते की मळमळ आणि गुंगी यांतली एक निवडावी लागेल."

"तेव्हा विचार. आज बोट."

"आणि हॉस्पिटल?"

"आपल्या मोरीत ओकलेलं बरं. तिथे परक्यांच्या बादल्या." त्यांनी दादांकडे पाहिलं. "अरे, गाडीवाल्याला फोन कर. नको म्हणून सांग."

दादांनी धाकटीकडे पाहिलं. सकाळी ती त्यांच्या बाजूला होती. आता ती पंपाशेजारी वाकून त्याचं बटण, नळी, सुई निरखत होती.

"दादा, ती सांगतेय ना," धाकटी मान वर न करता म्हणाली. "कर फोन." मग डॉक्टरांना म्हणाली, "हा रोज कसा भरायचा, मला दाखवाल? या वेळी विचारूनच करते."

दादा फोन घेऊन बाहेर गेले. जिन्यात त्यांचा आवाज ऐकू आला, सकाळपेक्षा बराच हळू. डॉक्टर वहिनीला समजावत होत्या. खायला मन होईल ते द्यायचं, पण चमचा-चमचा आणि गार. गरम पदार्थाचा वास जास्त येतो. चोथा, सालं नकोत. संत्र्याची फोड चोखून टाकून दिली तरी चालेल. औषधाने तोंड कोरडं पडेल, बर्फाचे बारीक तुकडे ठेवा. नाही खाल्लं तर आग्रह नको.

"हे जरा ह्यांनाही सांगा," वहिनी म्हणाली. "माझ्यावर विश्वास नाही."

"मी ऐकतोय," जिन्यातून आवाज आला.

*

दोन दिवस आक्का बहुतेक झोपून होत्या. त्या उठत, बर्फ चघळत, पुन्हा झोपत. दादा दर तासाला दारात येऊन श्वास बघून जात आणि ही गुंगी आहे की पुढचं काही, हे विचारायचं धैर्य त्यांना होत नसे. धाकटीने दुकान नोकरावर सोडलं होतं. पंप तीच भरायची. प्रत्येक वेळी मापं मोठ्याने म्हणायची आणि वहिनीने ऐकून मान हलवल्याशिवाय पुढे जायची नाही. दोघींचं इतकं जमेल असं घरात कुणाला वाटलं नव्हतं. त्यांनाही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्का स्वतःहून उठून बसल्या आणि म्हणाल्या, "बोट लागलेली दिसतेय धक्क्याला."

"मळमळ नाही?" वहिनीने विचारलं.

"आहे, लांब आहे. शेजारच्या घरात भांडण चालावं तशी." त्यांनी संत्र्याच्या दोन फोडी चोखल्या, दुपारी वाटीभर गार सूप चमच्याने घेतलं आणि संध्याकाळी ते परत दिलं. कळ आली नाही. तसराळं बाजूला झाल्यावर त्यांनी चूळ भरली आणि भाचीला बोलावलं. दादांच्या मुलीला त्या भाचीच म्हणत. भावाची ती भाची, असा त्यांचा स्वतःचा हिशेब होता आणि घराने तो दुरुस्त करणं कधीच सोडून दिलं होतं.

"नमुने कुठेयत?"

"बाबांनी हवाबंद करायला सांगितलेत."

"उद्या इथे घेऊन ये. मात्र गार होऊ दे. गार चहाला वास कमी."

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्कांच्या खोलीत टेबल लागलं. मुलीने खालीच चहा काढून, गार करून, आठ कप झाकून वर आणले होते. दादा पाटीवर नावं लिहायला बसले होते. धाकटी पंपाशी, वहिनी उशाशी. कपांवरची झाकणं निघाली तेव्हा सगळ्यांचं लक्ष आक्कांच्या ओठांकडे होतं. ओठ पांढरे पडले नाहीत.

आक्कांनी पहिल्या कपातला चमचा तोंडात घेतला. पूर्वीसारखा आवाज करत ओढायची ताकद नव्हती. त्यांनी तो नुसता जिभेवर फिरवला आणि वाडग्यात थुंकला. दुसरा. तिसरा. तिसऱ्याला त्या थांबल्या, पुन्हा पहिल्याकडे गेल्या.

"काय लागलं?" दादांनी विचारलं. खडू पाटीवर टेकला होता.

आक्कांनी कप लांब सरकवला. "लोखंड," त्या म्हणाल्या.

"म्हणजे? पाणी बदललं का गं?"

"पाण्याला काही झालेलं नाही. तिन्ही सारखेच लागतायत. खिळा चोखावा तसे." त्यांनी चमचा बशीत ठेवला. "मळमळ गेली, पण तिने जाताना जीभ नेली."

"डॉक्टर येतील तेव्हा विचारू," धाकटी घाईने म्हणाली. "दुसरं काही..."

"विचार. ती म्हणेल आजारात होतं असं. मी ऐकेन." आक्कांचा आवाज कोरडा होता, तोंड कोरडं होतं म्हणूनही असेल. वहिनीने बर्फाचा तुकडा त्यांच्या ओठाशी नेला. त्यांनी तो घेतला, गालात सरकवला. मग भाचीकडे वळून म्हणाल्या, "तू चाख."

"मी चाखलेत आत्या."

"मग सांग."

मुलीने वडिलांकडे पाहिलं. "पहिला घ्यायचा. दुसराही, पण थोडा. तिसरा या वर्षी नको. रंग छान आहे, पण मागून काही येत नाही. पोकळ आहे."

"तिसरा?" दादांनी खडू खाली ठेवला. "अगं, त्या मळ्याचा माल वडिलांच्या काळापासून येतोय. तो काढला तर चव बदलेल. गिऱ्हाईक ओळखेल. आक्का, सांग तिला."

"मी काय सांगू?"

"तू इतकी वर्षं घेत होतीस तो."

"घेत होते. या वर्षीचा मला कळत नाही. तिला कळतो. तिला विचार."

दादांच्या ओठांपर्यंत 'आक्काला दाखवू' आलं असावं, कारण त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आक्काला तर दाखवून झालं होतं. मग खुर्चीतल्या खुर्चीत ते मुलीकडे वळून बसले.

"काय लागलं?" त्यांनी विचारलं.

तिने पुन्हा एक चमचा ओढला, थांबली, थुंकली. "पोकळ, बाबा. नक्की."

दादांनी पाटीवर तिसऱ्या नावापुढे काट मारली. काट जरा वाकडी गेली.

आक्कांनी उशीवरचा हात उचलला. वहिनी वळेपर्यंत दादांच्या ते लक्षात आलं. तसराळं त्यांच्याच पायाशी होतं. ते उचलून त्यांनी पुढे धरलं, जरा उंच, जरा तिरकं. थोडं त्यांच्या बाहीवर आलं. आक्कांनी फार त्रास न होता सगळं बाहेर टाकलं, चूळ भरली, भावाची बाही आपल्या पदराने पुसली.

"खाली धर पुढच्या वेळी," त्या म्हणाल्या. मग भाचीला म्हणाल्या, "थांबलीस का? चौथा घे."